मोसंबीवरील फिर्याद

जालना जिल्ह्यात कोणाला पडसे झाले की त्याचा तपास फौजदारी रीतीने चालतो, आणि आरोपी तपासापूर्वीच मुक्रर असतो. ज्या फळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनाची सनद मिळाली, ज्याच्या बागांवर अंबड-बदनापूरकडील कित्येक घरांतील लेकींची लग्ने निभावली, त्या मोसंबीची एक फोड कार्तिकातल्या गार संध्याकाळी पोराच्या तोंडात गेली, की दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या शिंकेसरशी आमच्या आत्याबाई पंचनाम्यास बसत. निजामी अमदानीतील पेशकाराची ही कन्या. मोरीपाशी सापडलेली साल हा मुद्देमाल, पोराच्या बोटांचा वास हा कबुलीजबाब, आणि शिक्षेची तामिली मात्र फळावर न होता पोराच्या कपाळावर, वेखंडाच्या लेपाने होई.

खरा गुन्हेगार तोवर हद्दीबाहेर गेलेला असे. दिवाळीला भोकरदनहून आलेला आत्याबाईंचा लाडका नातू वाहत्या नाकानिशी अंगणात उतरे. आत्याबाई त्याचे नाक आपल्या पदराने पुसत आणि त्याच पदराने, वात्सल्यात पंक्तिप्रपंच नको म्हणून, उरलेल्या मुलांचीही तोंडे पुसत. पडशाचा विषाणू हातांवाटे, शिंकांवाटे असाच संचार करतो, आणि नाकात शिरल्यावर बहुधा एक ते तीन दिवस दबा धरून बसतो. तेवढ्यात नातू एस.टी.ने परत गेलेला, आणि घटनास्थळी सापडते ती बिचारी मोसंबी! या ऱ्हायनोव्हायरसचे दीडशेहून अधिक प्रकार असल्याने एकाची नोंद शरीराने दप्तरी घेतली तरी दुसरा निराळ्या नावाने हजर होतो. थंडीचे यात अंग अगदीच नाही, असेही नव्हे, कारण देहाहून किंचित गार अशा नाकातील ३३ अंशांवर त्याची खाशी बरकत होते; पण इंग्लंडात साल्सबरीजवळ १९४६ साली निघालेल्या संशोधनकेंद्रात स्वयंसेवकांना ओलेत्याने वाऱ्यात उभे करूनही नुसत्या गारठ्याने पडसे आणता आले नाही.

डॉक्टरने सुई टोचल्यावाचून आमच्याकडे कोणाला बरे वाटत नाही, ही गोष्ट निराळी. वास्तविक प्रतिजैविके स्ट्रेप्टोकोकसने सुजलेल्या घशाला लागू पडतात, विषाणूपुढे त्यांचा अंमल चालत नाही.

हे सर्व मी आत्याबाईंपुढे सविस्तर मांडले, तेव्हा त्या स्वतःच शिंकत होत्या, आणि मोसंबीला त्यांनी महिनाभर हात लावला नव्हता. आरोपीची आता निर्दोष सुटका होणार, या समाधानात मी होतो. आत्याबाईंनी पदराने नाक पुसले आणि म्हणाल्या, "मी कशाला खाऊ? तू शेजारी बसून खाल्लीस ना, त्याचा वास भोवला!"