सील बसलं का?

असा एक कानसेन तुमच्याही ओळखीत असणार. आमच्या ऑफिसातला नवा मुलगा आमच्या कानसेनांच्या तावडीत कसा सापडला, एवढंच सांगतो. टपरीवर चहा पिताना तो सहज म्हणाला, "लोकलमध्ये गाणी ऐकायला एखादा साधा इअरफोन सुचवा ना." कानसेनांनी बजेट विचारलं नाही, कंपनी विचारली नाही. म्हणाले, "कान दाखव."

मोबाइलच्या टॉर्चनं दोन्ही कान तपासून झाले. "डावा मोठा आहे. दोन्हीकडे वेगळी टिप लागणार." मग खिशातून गोळ्यांचा डबा निघाला. ज्येष्ठांकडे असतो तसा, सोमवार ते रविवार खणांचा. त्यात रक्तदाबाची एकही गोळी नव्हती. सोमवारी लहान सिलिकॉन, मंगळवारी मध्यम, बुधवारी मोठी, गुरुवारी फोमची, शनिवारी तीन मजल्यांची, दीपमाळेसारखी. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून एक टिप पोराच्या कानात गेली आणि हातात बिस्किट आलं. "चाव. कुरकुर डोक्याच्या आत ऐकू येते? मग सील बसलं."

सील बसलं का, हा त्यांचा नमस्कार आहे. मुद्दा खोटाही नाही. इअरफोन आणि कान यांच्यात बारीकशी फट राहिली की खालचे स्वर तिथूनच पसार होतात आणि वीस हजारांचं यंत्र शंभर रुपयांच्या यंत्रासारखं चिरचिरतं. लोक मग ड्रायव्हर बदलतात, कंपनी बदलतात, एक रबर तेवढं बदलत नाहीत. फोमची टिप चुरगळून आत घालायची, ती फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायची, वायर कानावरून मागे न्यायची म्हणजे शर्टाला घासल्याचा आवाज चढत नाही, हे सगळं मला त्यांच्याकडूनच कळलं. पण सत्य माणसानं एकदा सांगावं. बारशाला गेलेल्या माणसानं पाळण्यातल्या बाळाचे कान बघून "पुढे लहान साइज लागेल" असं म्हणू नये.

लॅमिंग्टन रोडवरचे दुकानदार त्यांना लांबून ओळखतात. "साहेब, कानात घातलेला माल परत होत नाही," हे वाक्य ते दुकानाच्या पायरीवरच ऐकवतात. चाचणीसाठी किशोरीताईंचं ध्वनिमुद्रण ठरलेलं आहे. आता किशोरीताई लावल्यावर माणूस काय ऐकेल? कानसेन तंबोरा ऐकतात. "जोडीच्या तारा वेगळ्या ऐकू येतात का? जवारी बघ. खर्ज मागे पडतोय." ताई स्वर लावतात न लावतात तोच हे टिप बदलतात आणि गाणं पहिल्यापासून. माझ्या माहितीत या गृहस्थांनी गेल्या कित्येक वर्षांत एकाही रागाची बंदिश गाठलेली नाही.

नवा इअरफोन घरी आला की तो कपाटात शंभर तास 'मुरत' घालतात. त्यानं आवाज सुधारतो हे कुणी नीट सिद्ध केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. पण रात्री साड्यांच्या घडीतून खरखर येते आणि वहिनी कूस बदलतात, हे मात्र सिद्ध आहे. सवाई गंधर्व महोत्सवाला एकदा बरोबर गेलो होतो. १९५३ पासूनची परंपरा, डिसेंबरची थंडी, समोर साक्षात गाणं चाललेलं. हे कानटोपी वर करून माझ्या कानात म्हणाले, "इथं सीलच नाही हो."

मी त्यांना टाळायचं ठरवलं होतं, तेवढ्यात आईचं श्रवणयंत्र शिट्ट्या मारायला लागलं. आईनं ते ड्रॉवरमध्ये टाकलं आणि घरात सगळे ओरडून बोलू लागले. कानसेन कुणी न बोलावता आले. आईसमोर बसून मोठ्यानं म्हणाले, "काकू, सील बसत नाहीये!"

"माझं शील काढतोस, मेल्या?"

पण निदान बरोबर होतं. सैल टोपीतून निसटलेला आवाज पुन्हा यंत्राच्या माइकात शिरत होता, म्हणून शिट्टी. अर्धा दिवस रजा टाकून ते आम्हाला ऑडिऑलॉजिस्टकडे घेऊन गेले. आईच्या यंत्राला नीट बसणारी टोपी लावली जात असताना बाईंना ऐकवत होते, की बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर ही इअरफोनला श्रवणयंत्राची देणगी आणि १९९१ च्या एटिमोटिक ईआर-४ मध्येही तोच. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्हीही बसा ना आत, तपासून टाकू."

बंद काचेच्या खोलीतून ते बाहेर आले तेव्हा हातात आलेख होता. असले आलेख त्यांनी हजारो पाहिलेत, पण इअरफोनचे. ४००० हर्ट्झपर्यंत रेघ ठीक, पुढे ८००० पर्यंत उतरती. त्यांनी चष्मा वर केला, कागद उजेडात धरला आणि म्हणाले, "ट्रेबल रोल-ऑफ आहे."

"वयानं होतंच," बाई म्हणाल्या.

"टिप बदलून...?"

"नाही."

जन्मभर त्यांनी २०,००० हर्ट्झपर्यंतच्या गोष्टी केल्या. मला हसू यायला हवं होतं. रिक्षात आई नव्या उत्साहानं रस्त्यावरचा प्रत्येक हॉर्न ऐकून त्रासत होती आणि हे तो कागद घडी घालत, उलगडत बसले होते. एकदम म्हणाले, "म्हणजे मागच्या दिवाळीचा तो इअरफोन मंद नव्हताच!"

मंद म्हणून तो त्यांनी ऑफिसातल्या त्या नव्या मुलाला अर्ध्या किमतीत दिला होता. रिक्षातूनच फोन लावला. पोरगं तयार झालेलं, त्यानं परत देण्याची पूर्ण किंमत सांगितली. कानसेनांनी घासाघीस केली नाही.