तारांचा जांगडगुत्ता

अमरावतीत जवाहर गेटातून आत शिरलं आणि मान वर केली, की आभाळाच्या आधी तारा दिसतात. विजेच्या, टीव्हीच्या, टेलिफोनच्या, इंटरनेटच्या आणि काही नुसत्याच. या नुसत्याच तारांवर माझं घर चालतं. दुसऱ्यांनी लावलेले कॅमेरे आणि दुसऱ्यांनी ओढलेल्या केबली आवरून द्यायचा माझा धंदा आहे. कार्डावर मी ऐटीत 'स्ट्रक्चर्ड केबलिंग' छापून घेतलंय, पण अमरावती ते अकोला या पट्ट्यात मला सगळे 'वायरीवाले भाऊ' म्हणतात. आई पाहुण्यांना 'काँप्युटरमधी हाय थो' एवढंच सांगते आणि पोह्यांची बशी पुढे करते.

नवी तार टाकायला माणसं पैसे देतात, जुनी काढायला कोणी देत नाही. आमच्या धंद्याचं हे मूळ दुखणं. तार एकदा भिंतीवर चढली की ती घरची झाली. कंपनी बदलते, मोडेम बदलतो, लावणारा पोट्टा पुण्याला नोकरीला जातो, तरी ती आपल्या जागी. दिवाळीला रंगारी तिच्यावरूनच ब्रश फिरवतो आणि ती दर साली थोडी जाड होत जाते. "ही काढू का?" असं विचारलं रे विचारलं, की घरातला सगळ्यात वडीलधारा माणूस पुढे येतो. "चालू हाय ना सगळं? मंग हात नोको लावू बाप्पा!" चालू नेमकं काय आहे आणि ते कोणत्या तारेवर आहे, हे त्यांनाही ठाऊक नसतं. म्हणूनच ते घाबरतात, आणि त्यांचं घाबरणं रास्त आहे. माझ्या आधी आलेल्या प्रत्येकाने हीच भीती बाळगून जुनीला हात न लावता शेजारून नवी तार ओढली. असा हा गुंता निव्वळ सावधगिरीतून वाढलेला असतो.

अकोल्याच्या एका कापडदुकानाचा फोन आला, तो मे महिन्यात. अकोल्याचा मे म्हणजे पारा ४५च्या वर, आणि दुपारी रस्त्यावर माणूस दिसलाच तर तो बहुधा वायरीवाला असतो. शेटजींची तक्रार मोठी विचित्र होती. "कॅमेरे सकाळी दिसते, राती दिसते, दुपारूनच नाई दिसत. चोर दुपारीच आला तं?" पोटमाळ्यावर चढलो. लक्ष्मीच्या तसबिरीमागे डीव्हीआर, आणि त्याच्या पाठीतून निघालेला असा गठ्ठा, की हात घालायच्या आधी लक्ष्मीला नमस्कार करावा. जागोजागी सोलून पीळ मारलेले जोड, त्यांवर काळी चिकटपट्टी. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात या पट्टीचा गोंद पातळ होतो, पट्टी हळूहळू सरकत जाते आणि जोड उघडा पडतो. हा गोंद बोटाला लागला की रॉकेलशिवाय निघत नाही. त्यात कापसाची धूळ बसलेली असली तर रॉकेलनेही नाही.

पण दुपारच्या अंधाराचं कारण तिथं नव्हतं. ते खाली होतं. भिंतीवर प्लग एक, त्यात मल्टिप्लग, मल्टिप्लगात दुसरा मल्टिप्लग, आणि या सगळ्याच्या शेजारी कूलर. बाराच्या ठोक्याला दुकानातला नोकर कॅमेऱ्यांची पिन काढायचा आणि कूलरची लावायचा. ऊन उतरलं की उलट. इमानदार माणूस, एक दिवस चुकला नाही. "कॅमेऱ्याले थोडी गर्मी होते?" त्याने मलाच विचारलं.

वर डीव्हीआर सारखा टीं टीं करत होता. आवाज बाहेर येऊ नये म्हणून त्याच्यावर साड्यांच्या रिकाम्या खोक्यांची चळत ठेवलेली. "हे कवापासून वाजते?" शेटजी म्हणाले, "दिवाईपासून. चालू हाय म्हनून सांगते थे." ते यंत्र बिचारं उलटंच सांगत होतं. आतली हार्ड डिस्क मेली की ते असं ओरडतं. पडद्यावर चित्र दिसत राहतं, साठत मात्र काही नाही. म्हणजे दिवाळीपासून मेपर्यंत आठही कॅमेरे नुसते बघत होते. दाराशी 'आपण सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या निगराणीखाली आहात' ही पाटी, खाली गिऱ्हाइकांची वर्दळ, आणि रेकॉर्डिंग शून्य. मी हे समजावून सांगितलं. शेटजींनी गल्ल्यावर बोटं वाजवत थोडा विचार केला. "मले माहीत नोतं," ते म्हणाले, "मंग चोराले थोडीच माहीत असन?" नवी डिस्क घ्यायला त्यांनी पुढची दिवाळी सांगितली.

आता थोडं तारेच्या पोटातलं. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीला पीळ. ही युक्ती टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलची. १८८१ साली त्याने तिचं पेटंट घेतलं. पीळ असला की बाहेरून येणारी खरखर दोन्ही तारांना सारखीच लागते आणि पलीकडच्या टोकाला वजा होऊन जाते. चारही जोड्यांचे पीळ वेगवेगळ्या मापाचे, म्हणजे एकीचं बोलणं दुसरीला ऐकू जाऊ नये. देवाने एकत्र कुटुंबासाठी अशी काही सोय केली असती तर अर्धी कोर्टं रिकामी पडली असती. असो. सांगायचं ते हे, की गुंता हवाच, पण तो केबलीच्या आत आणि मोजूनमापून. आमच्याकडे लोक आतला सोडवतात आणि बाहेर करतात.

टोकाला कनेक्टर लावताना रंगांचा क्रम ठरलेला: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याच्या जोडीत निळे घुसलेले पाहून नवशिक्याला वाटतं, छापणाऱ्याने घोळ केला. मग तो स्वतःच्या अकलेने जोडीशेजारी जोडी छान मांडतो. दोन्ही टोकांना एकच घोळ असल्यामुळे तार जवळच्या जवळ चालतेही. मूर्तिजापूरला असं काम करून गेलेल्या एकाने मला तत्त्व सांगितलं होतं, "दोन्हीकडून सारखंच चुकलं ना भाऊ, का बरोबर होते." राजकारणात होत असेल. तारेत अंतर वाढलं की जोड्या फुटल्याचं उघडं पडतं आणि चित्र अडखळायला लागतं.

अंतराचं तर विचारूच नका. तांब्याच्या केबलीला १०० मीटरची मर्यादा आहे. त्यापुढे मध्ये स्विच तरी बसवा नाहीतर सरळ फायबर ओढा. एका जिनिंगच्या मालकाने फाटकापासून ऑफिसापर्यंत एकसंध तार नेली होती. मध्ये कापसाच्या गंज्या, ट्रकचा काटा, सरकीचं गोडाऊन. फाटकावरचा कॅमेरा काही दिसेना. मी म्हटलं, "काकाजी, इतक्या लांब नाही चालत." ते म्हणाले, "असं कसं? तार तं पोचली ना तिथलोक?" याला उत्तर नाही. तार पोचलीच होती.

खरं तर तारांच्या बाबतीत वऱ्हाड मागासलेला कधीच नव्हता. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला, कापसाच्या बाजारापर्यंत रेल्वेचा फाटा सुरू झाला, तारयंत्र आलं, सुएझचा कालवा आदल्याच वर्षी उघडला होता. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याने तार ठोकावी आणि सहा आठवड्यांत वऱ्हाडचा कापूस त्याच्या धक्क्यावर उतरावा, अशी सोय झाली. शेतकऱ्याला त्यातून काय मिळालं हा वेगळा आणि कडू विषय. पण लिव्हरपूलचा निरोप खामगावात पोचत होता आणि आज काउंटरवरून मागच्या गोडाऊनचं चित्र पोचत नाही, हे मला धंद्याचा माणूस म्हणून लागतं. मोठी कामं आम्हाला जमतात. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला रस्त्यावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात नोंद झाली. त्या रस्त्यावरून गाडी अशी झरझर जाते, की अकोल्याला पोचेपर्यंत गिऱ्हाइकाला सांगायची सबबही पुरती सुचत नाही.

सगळ्यात बहारीचं काम मात्र अमरावतीतच निघालं. परकोटाच्या आतला जुना वाडा, तीन भाऊ, वाटण्या झालेल्या. कॅमेरा फाटकावर, म्हणजे सामाईक. तो विकत घेतला थोरल्यांनी, त्याला वीज धाकट्यांच्या मीटरवरून, आणि डीव्हीआर कुठे आहे हे कोणालाच आठवेना. चोर आला की हल्ली आधी डीव्हीआरच उचलून नेतो, म्हणून बसवताना तो लपवला होता. इतका नीट लपवला, की चोराच्या आधी घरचेच हरले.

फाटकावर पाहिलं तर कॅमेऱ्याची मान ढिली. धाकट्या वहिनी झाडूच्या दांड्याने तो आपल्या स्कुटीकडे वळवायच्या. थोरल्या वहिनींच्या तुळशीच्या मंजिऱ्या कोणी तरी खुडून नेत असे, म्हणून त्या तो वृंदावनाकडे वळवायच्या. या ओढाताणीत त्याने शेवटी समोरच्यांच्या गच्चीवर नजर लावली होती, आणि समोरचे त्यावरून वर्षभर बोलत नव्हते. भिंगापुढे कोळ्याने जाळं विणलेलं. कॅमेऱ्याच्या रात्रीच्या लाल दिव्यांवर किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि पडद्यावर म्हशीएवढा दिसतो.

तार हुडकायला आमच्याकडे टोनर असतो. एका टोकाला तो जोडायचा, तो तारेत सूर सोडतो. दुसऱ्या हाताने काडी भिंतीवरून फिरवायची, तार जिथून गेली असेल तिथे काडी गाते. मी काडी घेऊन निघालो आणि अख्खा वाडा माझ्यामागे. देवघरावरून, पाळण्याच्या कडीतून, जिन्याखालून, मग थेट गच्चीवर. तिथं तीच तार दोन खांबांना बांधून तिच्यावर आजींची लुगडी वाळत होती. "दोरीपेक्षा बरी हाय," आजी म्हणाल्या, "सडत नाई." तिथून ती खाली उतरली आणि एका कुलूपबंद खोलीच्या भिंतीशी काडीने जोरात सूर धरला. खोली मधल्या भावाची, तो पुण्यात. सगळे भिंतीला कान लावून उभे. आतून बारीक टीं टीं.

फोन लावला. मधले म्हणाले, "माझ्या खोलीत कोणी जायचं नाही, वाटणीपत्रात लिहिलंय." डीव्हीआर वाटणीपत्रात नाही, असं धाकटे म्हणाले. वीज किती वर्षं माझ्या मीटरवर जळून राहिली, हेही त्यांना तेव्हाच सुचलं. चार दिवसांनी किल्ली ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हाती आली. चिकटवलेल्या पाकिटात, वर थोरल्यांचं नाव.

आत गेलो तर पासवर्ड कोणाला ठाऊक नाही. मी सवयीने 'ॲडमिन' आणि '१२३४५' टाकलं. दार उघडलं. मी म्हटलं, काका, हे फार वाईट आहे. २०१६च्या ऑक्टोबरात अशाच, कंपनीने दिलेले पासवर्ड न बदललेल्या कॅमेऱ्या-डीव्हीआरांवर 'मिराय' नावाचा व्हायरस शिरला होता. साठेक ठरावीक पासवर्डांची यादी घेऊन तो दारं ठोठावत फिरायचा. अशा हजारो यंत्रांनी मिळून एका मोठ्या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स तासन्‌तास बंद पडलं. थोरले काका बराच वेळ डीव्हीआरकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हंजे आपलाही असन का त्याच्यात?" आवाजात काळजी नव्हती, अभिमान होता.

दोन दिवस लागून सगळं उतरवलं. चालू तारा केसिंग पट्टीत बंद केल्या, दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावल्या, कॅमेऱ्याची मान बोल्टने आवळली. आजींना सुतळीची नवी दोरी बांधून दिली. ती त्यांना पसंत पडली नाही. अंगणात निघालेल्या मेलेल्या तारांचा ढीग पडला आणि दोन्ही भाऊ त्याच्याभोवती फिरायला लागले. "तांबं हाय ना याच्यात?" भंगारवाला आला. त्याने चाकूने एक तार खरवडली, लाल मुलामा गेला, खाली पांढरं अ‍ॅल्युमिनियम. स्वस्तातली केबल अशीच असते, वरून तांबं आणि आत दुसरंच. थोरले म्हणाले, मी तांब्याचे पैसे दिले होते. धाकटे म्हणाले, तुम्ही कायचे दिले, बाबांनी दिले होते. भंगारवाल्याने एकच भाव सांगितला आणि काटा काढला.

भंगाराचे पैसे तिघांत चोख वाटले गेले. मधल्यांचा हिस्सा त्याच किल्लीच्या पाकिटात घालून, वर त्यांचं नाव लिहून, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला रवाना झाला. मग मी माझं बिल पुढे केलं. थोरल्यांनी ते वाचलं, धाकट्यांकडे दिलं, त्यांनी उलटून पालटून पाहिलं आणि परत थोरल्यांकडे दिलं.

"हे तं सामाईक हाय," दोघं एकदमच म्हणाले.