बोरेली आणि भाजीची पिशवी

दंडाची बेटकुळी फुगवून दाखवणाऱ्या माणसाचं लोक कौतुक करतात. मला त्या बेटकुळीची कीव येते. इतका तोट्याचा धंदा शरीरात दुसरं कोणी करत नसेल.

हा तोटा चोख मांडून दाखवला इटलीच्या जोव्हान्नी बोरेलीने. प्राण्यांच्या हालचालींवरचा त्याचा ग्रंथ १६८० साली, त्याच्या मृत्यूनंतर छापायला सुरुवात झाली. हाडं म्हणजे तरफा, सांधे म्हणजे टेकू, असा या गणितज्ञाचा हिशेब. कोपर काटकोनात वाकवून पाच किलोंची पिशवी धरा. पिशवी कोपरापासून सुमारे ३५ सेंटिमीटरवर, आणि स्नायू हाडाला धरतो जेमतेम ४ सेंटिमीटरवर. बिजागरीपाशी बोट लावून दार लोटून बघा, म्हणजे त्याचे हाल कळतील. पाच किलोंसाठी त्याला चाळीस किलोंहून जास्त जोर लावावा लागतो!

निसर्गाने असं का केलं? स्नायू आखडून आखडून आखडणार किती? शिवाय त्याला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही; म्हणून हात वाकवायला पुढचा आणि सरळ करायला मागचा, असे दोन नेमावे लागले. पण सांध्याजवळ जोडल्यामुळे तो एक सेंटिमीटर आखडला, की हात आठ-नऊ सेंटिमीटर फिरतो. जोर घालवून वेग घेतला. याच सौद्यावर माणूस दगड मारून कैऱ्या पाडतो आणि पुरणपोळीवरचं तूप ओघळायच्या आत घास तोंडात टाकतो.

परवा मंडईतून येताना मी हे सगळं बायकोला सांगितलं. "थोडक्यात, मी आत्ता चाळीस किलो भाजी उचलतोय."

"अहो, मग हात वाकवलाय कशाला? सरळ खाली सोडा की!"

बोरेली तिच्याच बाजूचा निघाला. हात लोंबता सोडला की पिशवी कोपराच्या थेट खाली येते. तरफेला कामच उरत नाही, बेटकुळी बसून खाते. मी ताबडतोब आघाडी बदलली.

"पण सगळा भार बोटांवर येतो ना! आणि बोटांत स्नायू नसतातच. ती आवळणारे मोठे स्नायू इकडे, कोपराच्या खाली. तिथून नुसत्या दोऱ्या मनगटातून बोटांपर्यंत जातात."

"बोटांत स्नायूच नाहीत?"

"एकही नाही."

"मग दुखायचं काय तिथे?" असं म्हणून तिने कलिंगडवाल्याला भाव विचारला.