हेड कुठला?

नानांना सुंदर काही दाखवू नये. चौकातल्या फलकावर नियोजित बागेचं चित्र लागलं होतं. कारंजं, बाकडी, फुगा धरलेलं गुटगुटीत मूल. आम्ही कौतुकानं बघत होतो. नाना मागून आले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "छान आहे. हेड कुठला?"

म्हणजे पैसे कुठल्या खात्यातून टाकणार? उभी नोकरी हिशेबात गेलेला असा एक तरी नाना प्रत्येक तालुक्याच्या गावात असतोच. आमच्या पोलादपूरच्या नानांकडे कायम तीन वस्तू असतात: खाकी पाकीट, गुंडाळलेला नकाशा आणि लांब दांड्याची छत्री. आमच्याकडे पाऊस काही कमी नाही, पण छत्रीचं खरं काम रस्ते मोजण्याचं. "कागदावर दहा छत्र्या रस्ता आहे. इथे साडेसातच भरतात. उरलेल्या अडीच कोणाच्या ओट्याखाली गेल्या?" हे ते नेमके त्या ओट्यावर बसून विचारतात. वर चहा पितात.

2014 साली सरकारनं तालुक्याच्या गावांतल्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचं ठरवलं, तेव्हा आम्हाला वाटलं, झालो आपण शहर. नाना म्हणाले, "पाटी बदलायला पैसे लागत नाहीत. गटाराला लागतात." पण गाव वाढतंय हे त्यांनाही दिसतं. महामार्ग चौपदरी झाला, कशेडीला बोगदा आला. चाकरमानी "डोंबिवलीत एवढ्यात खोली येत नाही हो" म्हणत इथे बंगला बांधतो आणि गणपतीला, शिमग्याला तेवढा उघडतो. अशा बंगल्याच्या वास्तुशांतीला नानांना बोलवावं लागतंच. पेढा हातात घेऊन ते यजमानाला विचारतात, "भोगवटा प्रमाणपत्र मिळालं? आणि सांडपाणी कुठे सोडलंत?" त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, तोवर पंगतीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलेल्या असतात.

मुंबईहून आलेला एखादा पुतण्या सुनावतो, "नाना, नवी मुंबई बघा जरा!" नाना याचीच वाट बघत असतात. "बघितली. 1970 साली सिडको काढली. सरकारनं शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या, सिडकोनं भूखंड पाडून विकले आणि त्या पैशातून रस्ते, नाले केले. आपण काय विकायचं? सावित्री नदी?"

मग पैशाचे मार्ग बोटांवर मोजणं सुरू. घरपट्टी, पाणीपट्टी, बांधकाम परवानगीबरोबर येणारं विकास शुल्क, जिल्हा नियोजन समितीचा निधी, नगरोत्थान योजना, वित्त आयोग. वित्त आयोगाच्या बोटावर ते हटकून थांबतात. "पंधराव्या आयोगाचे 60 टक्के बंधित. म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छता. तुमचं कारंजं पाणी असलं तरी त्यात बसत नाही." घरपट्टी वाढवा म्हटलं की आपण मोर्चा काढतो आणि रस्त्याला खड्डा पडला की पुन्हा आपणच मोर्चा काढतो, हेही ते ऐकवतात. तेव्हा आम्ही विषय बदलतो.

प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला की हरकती-सूचनांना 30 दिवस मिळतात. कुठल्याही गावचा आराखडा असो, ते 30 दिवस नानांचा चातुर्मास. जेवण एकदाच आणि तेही घाईत. लाल पेनानं आरक्षणं तपासायची, अर्ज दोन प्रतींत लिहायचा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय ते कुठूनच हलत नाहीत. वहिनी गिरणीत दळण ठेवून आल्या तरी नाना विचारणार, "पोच घेतलीस?"

हसतो आम्ही. पण मैदानाची गोष्ट त्यांनीच समजावून सांगितली. आराखड्यात हिरवा रंग भरला म्हणजे मैदान होत नाही, जागा विकत घ्यावी लागते. 10 वर्षं पैसा उभा राहिला नाही, मालकानं कलम 127 ची नोटीस दिली आणि पुढच्या 24 महिन्यांतही हालचाल झाली नाही, तर आरक्षण उठतं. "मग पोरं गल्लीत खेळतात आणि काच फुटली की ओरडता तुम्हीच."

एका विषयावर मात्र नाना चेष्टा करत नाहीत आणि करूही देत नाहीत. 22 जुलै 2021. महाड पाण्याखाली गेलं, तळियेवर दरड आली, आमच्या तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीत माणसं गाडली गेली. निळी रेषा 25 वर्षांच्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांच्या पुराची, 1:5 पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम नाही, हे सगळं ते तेव्हापासून शाळेतल्या मुलांनाही सांगतात. नदीकाठचा प्लॉट दाखवायला आलेल्या दलालासमोर त्यांनी नकाशा उलगडला. तो दलाल नाना दिसले की अजूनही रस्ता ओलांडतो.

नानांच्या बऱ्याच अर्जांना "नोंद घेतली" एवढंच उत्तर येतं. तेही ते फाईलला लावतात. माणूस वैतागवाणा आहे, यात वाद नाही. पण प्रत्येक वॉर्डात असा एक असता, तर निम्मी चित्रं फलकावर चढलीच नसती आणि उरलेली खरी झाली असती.

तुमच्या गावचा आराखडा लागला की एवढं करा: आपल्या गटनंबरावर कोणता रंग चढलाय ते जाऊन बघा आणि मुदतीत अर्ज द्या, साध्या कागदावर चालतो. सुनावणीला तुमच्याकडचे नाना दिसले, तर त्यांच्या शेजारीच बसा. फक्त नव्या घराचा विषय काढू नका.