ब्रॅकेट-स्थापनेचे शास्त्र

जीप रँग्लर या अमेरिकी वाहनात सीबी रेडिओ बसवण्याच्या विधीचे दोन भाग पडतात : रेडिओ बसवणे, आणि रेडिओ ज्यावर बसतो ते ब्रॅकेट बसवणे. पहिल्या भागास अर्धा तास पुरतो, तर दुसऱ्यास सबंध शनिवार-रविवार आणि घरच्या मंडळींचा बराचसा सद्भाव खर्ची पडतो, हे या विषयातील जाणकारांना नव्याने सांगावे लागत नाही. म्हणून प्रस्तुत विवेचन ब्रॅकेटापुरतेच मर्यादित ठेवले असून, रेडिओचा उल्लेख त्यात येईल तो ब्रॅकेटावरील भार एवढ्याच नात्याने.

तरीही भाराचे स्वरूप थोडक्यात सांगणे प्राप्त आहे. सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, अर्थात सामान्य नागरिकांना जवळच्या अंतरावर बोलण्यासाठी मोकळा ठेवलेला, 27 मेगाहर्ट्झच्या आसपासचा रेडिओलहरींचा पट्टा. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने तो 1958 साली खुला केला तेव्हा त्यात 23 चॅनेल होते; पुढे 1973 च्या तेलसंकटानंतर देशभर ताशी 55 मैलांची वेगमर्यादा लागू झाली, आणि पोलीस कुठे दबा धरून बसले आहेत व डिझेल कुठल्या पंपावर शिल्लक आहे हे एकमेकांना कळवण्याची निकड ट्रकचालकांना भासू लागली, तेव्हा या पट्ट्यावर अशी झुंबड उडाली की 1 जानेवारी 1977 पासून चॅनेलांची संख्या 40 करावी लागली. एएम पद्धतीने बोलताना प्रेषणाला कायद्याने दिलेली कमाल शक्ती 4 वॅट आहे; माजघरातल्या झिरोच्या दिव्यालाही याहून अधिक लागते. एवढ्या शक्तीवर डोंगराळ मुलखात दोन-चार मैलांवरच्या गाडीशी संभाषण होऊ शकते, परंतु कॅलिफोर्नियातील रुबिकॉन ट्रेलसारख्या वाटेवर, जिथे ग्रॅनाइटच्या धोंड्यांमधून गाड्या माणसाच्या चालीने सरकतात, पुढची गाडी बहुधा हाकेच्या अंतरावरच असते. शिवाय खरोखर अवघड धोंडा आला की एक जण खाली उतरून गाडीपुढे उभा राहतो आणि चाक डावीकडे की उजवीकडे हे हाताने खुणावतो. या खुणांना ब्रॅकेट लागत नाही, आणि त्यामुळेच त्यांना शास्त्राचा दर्जा मिळालेला नाही.

ब्रॅकेट दोन असतात, हे नवख्यास प्रथम समजत नाही. रेडिओच्या खोक्यात इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची एक पत्र्याची पट्टी फुकट मिळते, जिच्या दोन्ही कानांतून हाताने फिरवायचे स्क्रू रेडिओच्या कुशीत जातात. पण ही पट्टी कशाला तरी बसवावी लागते, आणि रँग्लरच्या डॅशबोर्डवर असे ‘काहीतरी’ निर्मात्याने ठेवलेले नाही. पेयांचे पेले ठेवायच्या खाचांचा विचार ज्यांनी साक्षेपाने केला, त्यांना रेडिओ सुचला नसावा. म्हणून त्या विशिष्ट वर्षांच्या विशिष्ट मॉडेलसाठी घडवलेले, काळ्या पावडर-कोटिंगचे दुसरे ब्रॅकेट विकत घ्यावे लागते, आणि त्यावर पहिले चढते. आधाराला आधार देणारी ही व्यवस्था पाहून रेडिओ किती जड असेल अशी कल्पना होते. तो जेमतेम किलोभराचा असतो.

स्थलनिर्णय हा या शास्त्राचा गाभा होय, आणि साधकांचे पंथ इथेच फुटतात. ऊर्ध्वपंथी मंडळी ब्रॅकेट पुढच्या काचेच्या वरच्या चौकटीला, आरशापाशी लावतात. तिथे रेडिओ नजरेसमोर राहतो आणि त्याचा आवाज थेट कानावर पडतो. मात्र माइकची वेटोळी दोरी काचेपुढे लोंबते, आणि काचेपुढे काही लोंबू देण्यास काही राज्यांत कायद्याने मनाई आहे. शिवाय रँग्लरची पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येते, आणि ती पाडली की रेडिओही तिच्याबरोबर आडवा होतो. (काच पाडण्याची ही सोय वाहन खरेदी करताना निर्णायक ठरते आणि खरेदीनंतर सहसा वापरली जात नाही, त्यामुळे ऊर्ध्वपंथाची यात फारशी हानी होत नाही.) अधःपंथी लोक ब्रॅकेट डॅशबोर्डच्या खाली, गिअरजवळ लावतात. तिथे ते दिसत नाही हा त्याचा गुण, आणि गुडघ्याला बरोबर सापडते हा दोष. शिवाय बहुतेक रेडिओंचा स्पीकर पोटाखाली असल्याने सगळे संभाषण पायपुसण्याला उद्देशून होते. तिसरा, तुलनेने लहान पंथ प्रवाशापुढच्या आडव्या दांड्याला ब्रॅकेट जखडतो. त्या दांड्यामागे एअरबॅग असते, म्हणजे अपघातात क्षणार्धात फुगणारी पिशवी, आणि तिच्या वाटेत किलोभर धातू ठेवणे म्हणजे तो प्रवाशाच्या तोंडावर फेकण्याची तजवीज करणे होय. इथे विनोदाला जागा नाही. एअरबॅगच्या वाटेत काहीही लावू नये.

जागा ठरली की मोजमाप. साधक टेप घेऊन रेडिओची लांबी, रुंदी व उंची मोजतो, कागदाचा साचा कापतो, तो डॅशबोर्डला चिकटवून दूर उभा राहून पाहतो, आणि समाधान पावतो. परंतु रेडिओच्या पाठीमागे अँटेनाची तार जोडणारे पीएल-259 नावाचे, अंगठ्याएवढे धातूचे टोक असते, त्यामागे ती जाड तार सरळ बाहेर येते, आणि तिला तुटू न देता वळायला आणखी दोनेक इंच लागतात. हे टोक मोजायचे राहते. रेडिओ जागेवर सरकवताना तो बरोबर तेवढाच बाहेर राहतो, मग तो जोर लावून दाबला जातो, मागे काहीतरी करकरते, आणि ब्रॅकेटाची भोके पुन्हा नव्याने पाडण्याचा प्रसंग येतो. माइकची दोरी काही रेडिओंत पुढून तर काहींत डाव्या बाजूने निघते. तीही मोजावी, हे वेगळे सांगायला नको.

हत्यारांत टॉर्क्सचे पाने मुख्य. टॉर्क्स म्हणजे सहा टोकांच्या ताऱ्याच्या आकाराची खाच असलेला स्क्रू, ज्यात साधा पेचकस घातला तर तो फिरल्याचा भास होतो आणि स्क्रू जागचा हलत नाही. हा स्क्रू 1967 साली अमेरिकेत आला, आणि युटा राज्यातील मोॲब येथील ईस्टर जीप सफारी हा मेळाही त्याच वर्षी सुरू झाला. या गोष्टीला निव्वळ योगायोग म्हणून सोडून देणे गंभीर अभ्यासकास परवडणारे नाही. भोके पाडताना आधी मागे तारा नाहीत याची खात्री करावी, प्लास्टिकवर कागदी टेप लावावी म्हणजे ड्रिल घसरत नाही, आणि पहिले भोक बारीक पाडावे. कच्च्या वाटेवरच्या हादऱ्यांनी साधा नट काही मैलांत सैल होतो, म्हणून आत नायलॉनचे कडे असलेला नट वापरावा किंवा आट्यांवर निळे थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारा चिकट द्रव, लावावे. लाल रंगाचे लावू नये. ते उष्णता दिल्यावाचून सुटत नाही, आणि डॅशबोर्डवर ज्योत धरणे हा या शास्त्राचा विषय नाही. वीज घेताना धनतार फ्यूजसह थेट बॅटरीकडून आणावी म्हणजे इंजिनाची खरखर कमी येते; एवढे पुरे.

अधिक बोलण्यासारखे आहे ते दुसऱ्या टोकाच्या ब्रॅकेटाविषयी. अँटेनाही ब्रॅकेटावर उभी राहते, बहुधा मागच्या दिव्यापाशी किंवा स्टेपनीच्या मागे, आणि हे ब्रॅकेट गाडीच्या धातूच्या सांगाड्याशी विजेच्या दृष्टीने जोडलेले असणे आवश्यक असते. तसे नसल्यास पाठवलेल्या शक्तीचा काही भाग अँटेनातून बाहेर न जाता रेडिओकडे परत फिरतो. याचे माप एसडब्ल्यूआर या आकड्याने घेतात : तो 1 च्या जितका जवळ तितके बरे, 1.5 पर्यंत उत्तम, आणि 3 च्या पुढे गेल्यास बोलण्याचे बटण दाबू नये, कारण त्याने रेडिओच जळू शकतो. आता ज्या पावडर-कोटिंगमुळे ब्रॅकेट सुंदर दिसते तेच विजेला अडवते, म्हणून बोल्टाखालचे कोटिंग आणि गाडीचा रंग, दोन्ही कानशीने उघड्या धातूपर्यंत खरवडावे लागतात. ज्या मालकाने आपली रँग्लर खडकांवरून घासत नेलेली असते, तिच्या बंपरावरचे ओरखडे पदकांसारखे पाहुण्यांना दाखवलेले असतात, तोच मालक मागच्या दिव्याआडचा, कोणालाही न दिसणारा नाण्याएवढा रंग खरवडताना कचरतो. आत डॅशबोर्डवरील ब्रॅकेट, ज्याला या जोडणीची अँटेनाइतकी गरज नसते, ते चार बोल्टांनी सांगाड्याशी एकजीव झालेले असते, आणि बाहेर ज्याला ती हवी असते ते कोटिंगच्या पदरावर विजेपासून अलिप्त उभे राहते. मग 4 वॅटांतले काही वॅट घरी परततात, आणि साधक अधिक महाग रेडिओ शोधू लागतो.

अलीकडे अनेक ऑफ-रोड क्लब सीबी सोडून जीएमआरएसकडे, म्हणजे 462 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, 50 वॅटपर्यंत मुभा असलेल्या रेडिओसेवेकडे वळले आहेत. तिला परवाना लागतो, पण परीक्षा नसते; 35 डॉलर भरले की दहा वर्षे सबंध कुटुंबाला बोलता येते. या नव्या रेडिओंपैकी कित्येकांची सगळी बटणे माइकवरच असतात आणि मूळ डबी आसनाखाली दडवता येते, त्यामुळे डॅशबोर्डवरील ब्रॅकेट रिकामे पडते. ते काढू नये. काढल्यास चार भोके उघडी पडतात, आणि ती कशासाठी पाडली होती याचा खुलासा गाडी विकताना गिऱ्हाइकापाशी करावा लागतो. जागेवर राहू दिल्यास तीच गाडी ‘रेडिओसाठी सज्ज’ असे जाहिरातीत छापता येते, आणि किंमत सांगताना आवाज थोडा चढा ठेवता येतो.