पुढच्या व्हिडिओत

अंबरनाथ पूर्वेला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एखाद्या सोसायटीच्या खिडकीत रात्री अकरानंतर गोल दिवा पेटलेला दिसला तर समजावं, सर शिकवतायत. सर कुठल्या शाळा-कॉलेजात नाहीत. दिवसा ऑफिसात एक्सेल भरतात आणि रात्री व्हिडिओ बनवून जगाला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतात. आवाज येतो म्हणून पंखा बंद. घरातल्यांनी हालचालही सायलेंट मोडवर करायची. ही जमात उल्हासनगरच्या कॅम्पांपासून बदलापूरपर्यंत पसरलेली आहे, पण आमचे सर खास, कारण त्यांना प्रेरणा थेट देवळातून मिळाली.

मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधलं, यावर सरांची श्रद्धा आहे. शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असं कोरलंय आणि बांधणारे शिलाहार राजे होते, हे त्यांना सांगून पाहिलं. ‘असेल,’ म्हणाले, आणि ‘एका रात्रीत पायथन’ ही मालिका सुरू केली. पांडवांचं काम उजाडल्यामुळे अर्धवट राहिलं, हाही दंतकथेचाच भाग आहे. तो सर सांगत नाहीत.

प्रत्येक व्हिडिओची पहिली चार मिनिटं घंटी दाबण्याच्या विनंतीत जातात. मग ‘घाबरू नका, एकदम सोप्पंय’. जावा शिकवताना ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ आलं की म्हणतात, ‘हे असंच लिहायचं. का, ते पुढच्या व्हिडिओत.’ पुढच्या व्हिडिओत ती ओळ आधीच टाइप करून ठेवलेली असते.

खरी गंमत एरर आल्यावर. स्क्रीनवर लाल अक्षरं उमटतात, सर ‘एक मिनिट हं’ म्हणतात आणि कट होतो. कटनंतर एरर गेलेला असतो आणि सरांचा शर्ट बदललेला असतो. बघणाऱ्या पोराला जे शिकायचं होतं, ते नेमकं त्या दोन शर्टांच्या मध्ये घडून गेलं. पुढेपुढे सरांनी त्यावरही उपाय काढला. सगळा कोड ‘ट्राय’मध्ये घालायचा आणि खाली ‘एक्सेप्ट, पास’ लिहायचं. एरर येतो, पण दिसत नाही.

सरांना तरी किती बोल लावायचा? ते स्वतः डिप्लोमाला टर्बो सीच्या निळ्या खिडकीत शिकले, तेही ती खिडकी जगाने मिटल्यावर बऱ्याच वर्षांनी. ‘का’ विचारलं की तिथे मार्क कापले जायचे.

एकदा त्यांना पवईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’बद्दल सांगितलं. मराठीतूनही आहेत, साधारण दहा-दहा मिनिटांची. आधी सगळं लिहून काढतात, मग तो विषय न येणाऱ्या माणसाकडून ते करवून बघतात आणि त्यानंतर रेकॉर्डिंग. सर मनापासून हसले. ‘ज्याला येतच नाही, त्याला विचारून काय कळणार?’

त्यांचा सर्वांत गाजलेला व्हिडिओ म्हणजे ‘विद्यार्थी नोंदणी प्रोजेक्ट’. डिप्लोमाची पोरं तो जसाच्या तसा उतरवून सबमिट करतात. खोकीत नाव टाइप करा, ते थेट डेटाबेसच्या हुकमात चिकटतं, झाली नोंद. एकदा वसईकडच्या एका मुलाने आपलं आडनाव टाकलं, इंग्रजीत, डीनंतर वर स्वल्पविराम देऊन : डिसूझा. प्रोग्राम जागच्या जागी आडवा. त्या चिन्हाने नाव तिथेच संपवलं आणि उरलेलं ‘सूझा’ डेटाबेसला हुकूम वाटला. त्या चिन्हापुढे खरोखरच हुकूम लिहिणारा कोणी भेटला, तर अख्खा तक्ताही पुसला जाऊ शकतो. उपाय ओळीभराचा : हुकमात नावाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि नाव वेगळं पाठवायचं.

मुलगा दाखवायला आला. सरांनी चष्मा वर केला.

‘नावात असली चिन्हं टाकायचीच कशाला? जोडून लिही.’

‘पण सर, आधारवर तसंच आहे.’

‘आधारचं पुढच्या व्हिडिओत.’