मा. विश्वसनीय सूत्र यांस

मा. विश्वसनीय सूत्र,
मु. पो. वृत्तवाहिनीच्या पडद्यामागे, कुठेतरी.



पत्र उघडं लिहितो आहे, कारण पाकिटावर घालायला तुमचा पत्ता नाही. नाव नाही, हुद्दा नाही, फोन नंबर तर नाहीच. तरी रोज रात्री नऊच्या ठोक्याला तुम्ही आमच्या घरात हजर असता. मंत्रिमंडळाला कळायच्या आत तुम्हाला कळतं. विमान धावपट्टी सोडण्याआधी तुम्ही बॉम्ब टाकून परत आलेले असता. एवढा मोठा माणूस, पण प्रसिद्धीचा सोस म्हणून नाही!

भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला होता, त्या ८ मे २०२५च्या रात्री तर तुम्ही भलतेच फॉर्मात होता. कराची बंदर बेचिराख केलंत, इस्लामाबाद ताब्यात घेतलंत, मध्येच जरा सवड काढून पाकिस्तानच्या लष्करप्रमुखांना अटकसुद्धा करवलीत. पडद्यावर लाल पट्टी, कोपऱ्यात तोच तो स्फोट पुन्हा पुन्हा, आणि मागे भोंगा. हा भोंगा इतका हुबेहूब होता की आमच्या तळमजल्यावरच्या काकू हातातली भाजी तशीच ठेवून अंगणात आल्या आणि आकाशाकडे बघत उभ्या राहिल्या. सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस. एकानं तर विचारलं, आता कराची हलवा थेट कराचीतूनच मागवायचा का?

सकाळ झाली तर कराची बंदर जागच्या जागी. जहाजांची ये-जा चालू. इस्लामाबादही होतं तिथेच होतं. तुमच्याकडून खुलासा आला नाही. येणार कसा, खुलासा करायला सही लागते.

त्या भोंग्याचं पुढे काय झालं, तेही सांगतो. १० मे रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या नागरी संरक्षण विभागाला वाहिन्यांना लेखी कळवावं लागलं की हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचा आवाज कार्यक्रमांत वापरू नका. रोज ऐकून लोक तो खोटाच समजतील आणि खरा वाजेल तेव्हा जागचे हलणार नाहीत. सीमेवरच्या गावांत त्याच दिवसांत तो खरोखर वाजत होता. तुम्ही पार्श्वसंगीत म्हणून वापरलात.

बरं, ही तुमची पहिली खेप नव्हे. युक्रेन युद्धाच्या वेळी तुम्ही अणुयुद्धाची तारीखच काय ती जाहीर करायची बाकी ठेवली होती. २३ एप्रिल २०२२ रोजी माहिती व नभोवाणी मंत्रालयाला तुमचे मथळे नमुन्यादाखल देऊन वाहिन्यांना समज द्यावी लागली. त्याच वर्षी ‘आर्मा ३’ या व्हिडिओ गेमच्या निर्मात्यांनी हात जोडले की बाबांनो, आमच्या खेळातली दृश्यं खरं युद्ध म्हणून फिरताहेत, ती ओळखायची कशी ते तरी शिकून घ्या. खेळ विकणाऱ्याला जी लाज वाटली, ती बातमी विकणाऱ्याला वाटू नये?

आता तुमची हुशारी जिथे कमी पडली ते. २०२५च्या मे महिन्यातल्या संघर्षाच्या त्या चार दिवसांत सगळ्यांत मोठी बातमी एकच होती: शस्त्रसंधी. ती तुम्हाला कळलीच नाही! १० मे रोजी संध्याकाळी ती सांगितली डोनाल्ड ट्रम्प यांनी, वॉशिंग्टनहून, स्वतःच्या समाजमाध्यमावर, स्वतःच्या नावानं. मग परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री कॅमेऱ्यासमोर आले आणि पाच वाजल्यापासून गोळीबार थांबवायचं ठरलं आहे, एवढं मोजकं बोलून गेले. त्या आठवड्यात रोज बातमी द्यायला मिस्री, कर्नल सोफिया कुरेशी, विंग कमांडर व्योमिका सिंग येत होते. नावासकट, चेहऱ्यासकट. चुकले असते तर लोकांनी त्यांना जाब विचारला असता. तुमची कॉलर धरावी म्हटलं तर सदराच सापडत नाही.

तुमच्या त्या रात्रीचा हिशोब बाजारानं दुसऱ्या दिवशी मांडला. इंडियन ऑइलला जाहीर करावं लागलं की इंधनाचा साठा भरपूर आहे, पंपावर गर्दी करू नका. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे तेलाचे डबे आणि तूरडाळ दुपारपर्यंत संपली. सेन्सेक्स ९ तारखेला ८८० अंकांनी पडला आणि शस्त्रसंधीनंतर १२ तारखेला २,९७५ अंकांनी उसळला. ज्यानं घाबरून शुक्रवारी विकलं, त्याचं नुकसान कोण भरून देणार? तुमच्या नावे बिल पाठवावं म्हटलं, तर पुन्हा तेच, पत्ता नाही.

आणि जिथे तुमची खरोखर गरज होती, तिथे तुम्ही नेमके रजेवर. नोव्हेंबर २०२३मध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज पळवलं. मग क्षेपणास्त्रं सुरू झाली आणि मोठ्या कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. हंगाम होता नाशिकच्या द्राक्षांचा. निफाड-दिंडोरीचा माल न्हावा-शेव्याला कंटेनरमध्ये चढतो आणि रॉटरडॅमला उतरतो. या वळशानं वाटेत दहा ते चौदा दिवस वाढले. द्राक्षाला चौदा दिवस म्हणजे काय, ते बागायतदाराला विचारा. देठ सुकतात, मणी गळतात, तिकडचा खरेदीदार पेटी उघडून भाव पाडतो. वर जहाजाचं भाडं आणि विमा वाढलेला. हा सगळा व्यवहार कागदोपत्री उघडा होता, त्याला गुप्तहेर लागत नव्हते. पण त्यात भोंगा वाजवायला जागा नव्हती ना.

२६ जानेवारी २०२४. आपण इकडे संचलन बघत होतो त्या दिवशी एडनच्या आखातात ‘मार्लिन लुआंडा’ या तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळलं. खाली नाफ्था, वर आग, आणि जहाजावर २२ भारतीय. ‘आयएनएस विशाखापट्टणम’वरचे नौसैनिक त्या जहाजावर चढले आणि खलाशांच्या जोडीनं त्यांनी ती आग विझवली. खरं क्षेपणास्त्र, खरी आग, आपली माणसं. यावर किती रात्री चर्चा रंगवलीत?

जून २०२५मध्ये अमेरिकेनं इराणच्या फोर्दो, नतान्झ, इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. तेव्हा जगाचं सुमारे एक पंचमांश तेल इराणच्या दारातल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जात होतं. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा मोठा हिस्साही तिथूनच येत होता. म्हणजे काळजीचं कारण खरंच होतं. २३ जूनला इराणनं कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली आणि तुम्ही तिसरं महायुद्ध जाहीर करून मोकळे झालात. त्याच दिवशी कच्चं तेल सात टक्क्यांनी उतरलं. तेलाच्या व्यापाऱ्यांनी एवढंच पाहिलं की इराणनं तेलाच्या एकाही जहाजाला, एकाही विहिरीला हात लावला नाही. म्हणजे प्रकरण आवरतं घ्यायचं चाललं आहे. इथे गांभीर्यानं सांगण्यासारखी बातमी होती. पण स्वस्त होणारं तेल लाल पट्टीवर शोभत नाही.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण ७ मे २०२५ रोजी पूंछमध्ये पाकिस्तानी तोफांच्या माऱ्यात एक मदरशाचा शिक्षक ठार झाला, आणि काही वाहिन्यांवर त्याचाच फोटो दहशतवादी म्हणून झळकला. अखेर पूंछच्या पोलिसांना जाहीर करावं लागलं की या माणसाचा दहशतवादाशी काहीही संबंध नाही. शत्रूच्या तोफेनं मारलेला आपलाच नागरिक, घरच्यांनी अजून डोळे पुसलेले नाहीत, आणि त्याला शत्रू ठरवणारे तुम्ही. कराची बंदर उभं आहे, सेन्सेक्सही सावरला, ते सोडून देऊ. हे सोडता येत नाही.

तेव्हा सूत्रसाहेब, विनंती एकच. एकदा पूंछला जा. त्या घरी जाऊन स्वतःचं पूर्ण नाव सांगा, ही माहिती कुणी दिली ते सांगा आणि माफी मागा. कॅमेरा नेऊ नका. ते होईपर्यंत तुमच्या हवाल्यानं आलेली एकही बातमी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुढे पाठवायची नाही, असं आम्ही ठरवलं आहे. वाचकहो, तुम्हीही ठरवा.

कळावे,
आपला एक प्रेक्षक
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)